वाडीतलं वायफाय : एक हरवलेलं, एक अनोळखी

५ सप्टेंबर २०२५

गौरी-गणपतींचं विसर्जन २ तारखेला झालं. काल शेवटची गाडी मुंबईला गेली आणि आज सकाळी मी राउटरचं पान उघडलं. डीएचसीपीच्या यादीत, म्हणजे राउटरने कोणकोणत्या यंत्राला आयपी (नेटवर्कवरचा क्रमांक) दिला त्या यादीत, ४१ नोंदी. घरात आता आम्ही तिघंच, पण लीझ (दिलेल्या क्रमांकाची मुदत) मी सात दिवसांची ठेवतो, त्यामुळे गेलेल्या पाहुण्यांचे फोनही अजून यादीत आहेत. अडचण वेगळीच आहे. विहिरीवरच्या पंपाचा वायफायवर चालणारा स्विच त्या ४१ मध्ये नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी घराचा नकाशा सांगतो. गुहागरची घरं अरुंद आणि लांब. पुढे रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, मागची पडवी, विहीर, आणि त्यामागे नारळी-पोफळीची वाडी थेट किनाऱ्यावरच्या सुरूंपर्यंत. भिंती जाड, चिऱ्याच्या. पावसात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल खाते. ओटीवरचं ५ गिगाहर्ट्झ माजघराच्या पुढे पोचतच नाही. म्हणून ओटीवर राउटर, मागच्या पडवीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) आणि दोघांमध्ये केबल. दोन्हींच्या नेटवर्कची नावं मी वेगवेगळी ठेवली होती. ते का चुकलं ते पुढे येईल.

६ सप्टेंबर

आधी गाळणी लावली. यादीतल्या प्रत्येक यंत्राला मॅक पत्ता असतो, नेटवर्कवरची त्याची ओळख. तो ४८ बिटांचा असतो, म्हणजे षोडशमान पद्धतीचे (० ते ९ आणि ए ते एफ) १२ अंक. पहिले सहा अंक आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने कंपनीला दिलेले असतात, त्यावरून बनवणारा कळतो. पण दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही, यंत्राने स्वतः तयार केलेला आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन आपण होऊन असे पत्ते वापरतात. त्यांची कंपनी शोधत बसण्यात अर्थ नाही.

असे २४ निघाले. बाकी १७ खरे.

पण फोन २४ नव्हतेच. पंगतीला बसलेली माणसं मोजली, लहान पोरं वगळली, तर आमचे तीन धरून १३ फोन होतात. रात्री उशिरापर्यंत हे अकरा जास्तीचे कोण हे कळेना. शेवटी माझ्याच फोनच्या सेटिंगमध्ये ओटीवरच्या नेटवर्कचा पत्ता पाहिला, मग मागीलदारच्या नेटवर्कचा. दोन वेगळे! फोन दर नेटवर्कनावाला एक वेगळा पत्ता काढतो आणि त्या नावासाठी तोच जपून ठेवतो. आई-बाबांच्या फोनचंही तेच. ओटीवर आरती आणि पडवीत जेवण, अशी ये-जा करणारा प्रत्येक फोन यादीत दोनदा बसला. अकरा फोन दोनदा आणि दोन फोन, जे मागे गेलेच नसावेत, एकदा. हिशोब बसतो. आज ओटीलाही मागीलदारचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला.

७ सप्टेंबर

१७ खऱ्या पत्त्यांसाठी वही घेऊन घरभर फिरलो. प्रत्येक वस्तू उलटी करून खालचं लेबल वाचलं आणि नाव, पत्ता, खोली अशी नोंद केली. हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. राउटर जे नाव दाखवतो ते यंत्राने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं, काही यंत्रं तर नाव सांगतच नाहीत. १५ जुळले, दोन उरले.

पहिल्यावर कंपनी दिसत होती हॉन हाय. बाबा म्हणाले, ‘असलं काही आपण घेतलेलंच नाही.’ खरं होतं, कारण हॉन हाय म्हणजे फॉक्सकॉन, दुसऱ्यांच्या नावाने वस्तू बनवणारी तैवानी कंपनी. पत्त्यावर आतल्या वायफायच्या तुकड्याचा बनवणारा दिसतो, खोक्यावरचा ब्रँड नाही. एनमॅप या प्रोग्रामने त्याचे पोर्ट (यंत्राची क्रमांक दिलेली दारं) तपासले तर ९१०० आणि ६३१ उघडे. दोन्ही छपाईचे. माजघरातल्या कपाटावरचा प्रिंटर! तो मी वहीत ‘यूएसबी’ म्हणून लिहून सोडून दिला होता.

दुसऱ्यापाशी मात्र पाच दिवस गेले.

८ सप्टेंबर, पंप

मधेच पंपाचं सांगतो, कारण तो सुटला. आमच्या राउटरची यादी त्याच्या चालू स्मृतीत असते, राउटर बंद होऊन चालू झाला की कोरी. ५ तारखेला राउटर सहा दिवस चालू असल्याचं दिसत होतं. म्हणजे ३० ऑगस्टच्या सकाळनंतर स्विच एकदाही घरच्या नेटवर्कवर आलेला नाही. आदल्या रात्री धो धो पाऊस होता, लाइट गेली, पहाटे इन्व्हर्टरही संपला आणि सकाळी लाइट आली. पावसाळ्यात वाडीला शिंपणं नसतं. टाकी भरण्यापुरता पंप, तोही सणाच्या गडबडीत कुणीतरी हाताने बटण दाबून लावायचं. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

फोन घेऊन विहिरीपाशी गेलो आणि वायफाय स्कॅनर लावला. तिथे एक बिनपासवर्डचं नेटवर्क जोरात दिसत होतं. पत्त्याची सुरुवात ५ई:सीएफ:७एफ. माझ्या वहीत स्विचचा पत्ता ५सी:सीएफ:७एफ ने सुरू होतो आणि पुढचे सहाही अंक तेच. स्विचमधली ईएसपी८२६६ ही वायफाय चिप दुसऱ्याच्या नेटवर्कवर जाते तेव्हा कारखान्याचा पत्ता वापरते. स्वतःचं नेटवर्क उघडते तेव्हा त्याच पत्त्यात ‘हा स्थानिक’ असं सांगणारं एक बिट लावते. म्हणून सीचा ई झाला. स्विच तिथेच होता, माझी वाट बघत.

कारणही सापडलं. लाइट आल्यावर ईएसपी काही सेकंदांत उठतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना मिळून जवळजवळ तीन मिनिटं लागतात. मी स्विचच्या प्रोग्राममध्ये वायफायमॅनेजर ही लायब्ररी (तयार मिळणारा कोड) वापरली आहे. नेटवर्क मिळालं नाही की ती स्वतःचं सेटिंगचं नेटवर्क उघडते आणि वेळेची मर्यादा घातलेली नसेल तर तिथेच थांबून राहते. मी मर्यादा घातली नव्हती. आता १८० सेकंद ठेवलेत, तेवढ्यात कुणी आलं नाही तर चिप रीस्टार्ट होऊन पुन्हा घर शोधते. मेन स्विच इन्व्हर्टरसकट तीनदा पाडून पाहिला, तिन्ही वेळा पंप परत आला. ज्यांची यंत्रं लांब गोठ्यात किंवा वाडीत आहेत त्यांनी ही एक ओळ आजच तपासा.

१२ सप्टेंबर, दुसरा

वहीशी न जुळलेला हा दुसरा पत्ता दिवसा कधीच सापडायचा नाही, पिंगला (‘आहेस का?’ या हाकेला) उत्तर द्यायचा नाही. यादीतली लीझ मात्र रोज नवी होत होती. म्हणून रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) केबलने राउटरला जोडला आणि दर पाच मिनिटांनी आर्प-स्कॅन लावला. पिंगकडे यंत्र दुर्लक्ष करू शकतं. ‘हा आयपी कोणाचा?’ या आर्पच्या प्रश्नाला मात्र सहसा उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर त्याच्यापर्यंत काहीच पोचणार नाही. झोपलेले फोन कधी यालाही चुकवतात, म्हणून प्रत्येक वेळी तीन फेऱ्या.

तीन रात्रींची नोंद: १०:३०, १०:३५, १०:३०. सकाळी सहाच्या सुमारास गायब. आईला हे सांगितलं ते चुकलं. ती त्या रात्री दाराची कडी दोनदा तपासून आली.

मागच्या ॲक्सेस पॉइंटवर त्याचा सिग्नल उणे ७९ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). आमच्या पडवीतल्या वस्तू उणे ५० च्या आसपास असतात. काल रात्री अकराला मेन पाडला. राउटर, पाय आणि पडवीतला ॲक्सेस पॉइंट इन्व्हर्टरवर, त्यामुळे ते चालू राहिले. प्रिंटर, टीव्ही, पंप एकेक करून गेले. हा गेला नाही. म्हणजे तो आमच्या विजेवर नाही.

आज सकाळी गडग्यापलीकडे शेजारच्या काकू फुलं काढत होत्या. विचारलं, ‘काकू, रात्री झोपताना काय काय बंद करता?’

‘गॅस, मागचं दार, आणि ते वायफायचं बटण. रात्रभर दिवा कशाला लुकलुकत ठेवायचा?’

वादळानंतर त्यांची लाइन बरेच दिवस बंद होती तेव्हा मीच त्यांच्या टीव्हीला आमचा पासवर्ड घातला होता. टीव्ही रिमोटने बंद केला तरी आत जागा असतो. घरचं नेटवर्क गेलं की आठवणीतलं दुसरं शोधतो, आणि ते मागीलदारचं आमचं. सेटिंगमध्ये जाऊन पत्ता ताडून पाहिला, बाराच्या बारा अंक जुळले.

आमचं नेटवर्क त्यातून काढून टाकू का विचारलं. काकू म्हणाल्या, ‘राहू दे रे, आमचं बंद पडलं तर?’ राहू दिलं. वहीत नोंद केली: शेजारच्या काकू, टीव्ही, मागचा ॲक्सेस पॉइंट.

संध्याकाळी पायवरची फाइल पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं की त्या तीन ओळींमध्ये काकू झोपायला कधी जातात आणि उठतात कधी तेच लिहिलेलं आहे. त्या ओळी पुसल्या. आता स्कॅनमध्ये तो पत्ता आला की ‘ओळखीचा’ एवढंच धरलं जातं, वेळ लिहिली जात नाही. आमच्या तिघांच्या फोनचंही तसंच करतो आहे.