आधी आडनाव, मग नाव

"अहो, मी धर्मावर बोलतोय, माणसांवर नाही." आणि पुढच्याच दमात काका म्हणाले, "पण फ्लॅट त्यांना नको."

जागा बघायला आलेली मुलगी मुस्लिम आहे, नर्स आहे. पाणी किती वाजता येतं, एवढंच तिनं विचारलं होतं. नाइट ड्युटी असते ना.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी वर मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचा दाखला दिला. तेव्हा मात्र मला राहवेना.

दलवाईंनी तोंडी तलाकवर, बहुपत्नीत्वावर कडक टीका केली, खरंय. पण १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम बायका होत्या. फक्त सात! त्या बायकांना न्याय मिळावा म्हणून ती टीका होती. काकांची टीका या मुलीला जिन्यावरूनच परत पाठवायला.

रूढींवर बोला ना, पोथ्यांवर बोला. मीही बोलते, आपल्या सोवळ्याओवळ्यावर तर जरा जास्तच. पण तिच्या पाण्याच्या वेळेचा तलाकशी काय संबंध?

विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. चहा आला.

दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ते स्वतः जागा बघायला आले असते तर? आडनाव ऐकून काका "अरे वा, कोकणातले!" म्हणाले असते. मग पहिलं नाव विचारलं असतं.