लिमोनीन

भाचीने जर्मनीहून हाताला लावायचं क्रीम आणलं होतं. दुपारची जेवणं आटोपली होती, पेपर वाचून झाला होता आणि डोळा काही लागेना, म्हणून त्या ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत पडले. पाणी, ग्लिसरीन, पुढे जीभ वळणार नाही अशी नावं, आणि अगदी शेवटी लिमोनीन. युरोपात हे नाव वेगळं छापावंच लागतं. हवा लागून शिळं झालेलं लिमोनीन काहीजणांच्या कातडीला खाज आणतं म्हणे.

हे लिमोनीन म्हणजे संत्र्याच्या सालीतलं तेल. सोलताना नखाशी जो बारीक फवारा उडतो, त्यात बहुतेक सगळं तेच. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, तिसरं कुणी नाही. म्हणजे हायड्रोकार्बन, पेट्रोल-रॉकेलच्या भावकीतलं. एवढं वाचलं आणि दादाच्या सगळ्या उद्योगांचा उलगडा झाला.

दिवे गेले की आमच्याकडे ओट्यावर मेणबत्ती लागायची. हिवाळा असला तर घरात संत्री असायचीच. दादा सालीचा तुकडा घ्यायचा, पिवळी बाजू ज्योतीकडे करून दुमडायचा आणि चिमटायचा. चर्र! ज्योतीतून ठिणग्यांचा तुरा निघायचा आणि भिंतीवरच्या आमच्या सावल्या दचकायच्या. आजी आतून ओरडायची, "मेल्यांनो, डोळे फोडून घ्याल!" आजीला आमची नस बरोबर माहीत होती, कारण ज्योतीचा कंटाळा आला की पुढचा नेम माझ्या डोळ्यांवरच असायचा. काय झोंबायचं ते! वाढदिवसाला फुगे आपोआप कसे फुटतात हे कोडंही आईला कधी सुटलं नाही. या तेलात रबर विरघळतं. संत्रं सोललेल्या बोटांनी दादा फुग्यांना मायेने गोंजारायचा आणि साळसूदपणे बाजूला जाऊन उभा राहायचा.

या तेलाला पूर्वी नावं तरी किती असावीत! संत्र्यातून काढलं तर हेस्परिडीन, लिंबातून काढलं तर सिट्रीन, शहाजिऱ्यातून काढलं तर कार्व्हीन. जो तो आपलं बारसं करून मोकळा. मग बॉनच्या प्रयोगशाळेत ऑटो वालाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कपाटात विसरून पडलेल्या सुगंधी तेलांच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि वर्षानुवर्षं चिकाटीने शोधत दाखवून दिलं की ही सगळी सोंगं एकाच इसमाची आहेत. या खटाटोपाला १९१०चं नोबेल मिळालं. आमच्या गल्लीत एकाच माणसाला तिघींनी तीन नावांनी हाक मारली तर त्यातून फक्त भांडण निघतं.

त्यातही मेख आहे. लिमोनीन चपलांसारखं उजवं आणि डावं असं दोन प्रकारचं असतं. अणू तेच, तितकेच, पण मांडणी आरशातली. उजव्याला संत्र्याचा वास, तर डावं रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनकडे झुकतं. नाकाला हा फरक कळतो याचं मला रसायनशास्त्रापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

माझं स्वतःचं मत असं की संत्रं सुरीने कापणाऱ्या माणसाशी फार सलगी करू नये. संत्रं नखाने सोलायचं, सोलताना बोटं पिवळी व्हायला हवीत आणि शेजारच्या खोलीतून "कोण खातंय रे?" असा आवाज यायला हवा. एसटीत मागच्या बाकावर कुणी संत्रं काढलं तरी ड्रायव्हरपर्यंत बातमी पोचते. सालं गच्चीवर वाळवून दिवाळीच्या उटण्यासाठी ठेवायची आईची पद्धत होती. खरं तर वाळेपर्यंत वास बराचसा उडून गेलेला असायचा, पण ते तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

याबाबतीत माझ्याहून कडवे म्हणजे नागपूरचे काका. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी घरच्या कार्याच्या थाटात संत्राबर्फी वाटली. किन्नू तर त्यांना डोळ्यांसमोर नको. तो मुळात कॅलिफोर्नियात केलेला संकर, आपल्याकडे पंजाबात फोफावला. दिसायला चकचकीत, पण साल अशी घट्ट चिकटलेली की सोलणाऱ्याने घाम पुसावा. "ते फळ नाही, पाहुणा आहे," असं काका म्हणायचे.

कोविडमध्ये काकांचा वास गेला. ताप उतरला, चालायला लागले, पण वास काही परत येईना. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असं एकेक हुंगत जा, नाकाला सवय करा. लिंबावर काकांचा विश्वास नव्हता, म्हणून काकू रोज संत्र्याची ताजी साल नाकाखाली चिमटायची. ते डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे आणि मान हलवायचे. नाही. हे कितीतरी महिने चाललं होतं. मी गेले होते तेव्हा मीच साल चिमटली. फवारा त्यांच्या मिशीवर उडाला, सगळी खोली दरवळली, काकूने पलीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

काका साल हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत बसले. मग म्हणाले, "किन्नू असन हा."