हळदीचं गाणं, स्प्रिंग रिव्हर्ब आणि दादऱ्याचा घोळ

मागच्या नोंदीत दिवाळीपर्यंत गाणं पूर्ण करतो असं लिहून बसलो होतो. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, गावात माणसांची लग्नंही सुरू झाली. आत्ता कुठे दोन मिनिटं अठरा सेकंदांचा एक टेक हाती लागलाय, जो ऐकताना मला मध्येच उठून जावंसं वाटत नाही. तेवढ्यात काय काय झालं ते लिहितो.

नव्यांसाठी थोडक्यात: उरणजवळच्या करंजाला माझी आत्या राहते. ती हळदीला म्हणते ते एक गाणं मी सर्फ गिटारवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या त्या वेगवान, घुमाऱ्यात भिजलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या ढंगात, शब्दांशिवाय बसवतोय. धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं नाही, नाचाचं गाणं. धवले ते विधी गाणाऱ्या धवलारणीच्या तोंडीच शोभतात, त्यांना हात लावायचा नाही अशी आत्याने पहिल्याच दिवशी तंबी दिली होती, आणि मलाही ते पटलं. नेरूळहून आता लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी रेकॉर्डर खिशात घालून जाणं जमतं.

आधी रिव्हर्बची, म्हणजे स्प्रिंग थरथरवून सुरामागे घुमारा आणणाऱ्या यंत्राची रड संपवतो. घरीच बांधलेल्या रिव्हर्ब युनिटमध्ये जो घूंऽऽ आवाज येत होता, त्याचा शोध नऊ दिवस चालला. अर्थिंग तपासलं, केबल बदलल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ट्रान्सफॉर्मर बदलून दुसरा आणला. दोष कशातच नव्हता. स्प्रिंग टँकच्या, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या डब्याच्या एका टोकाला तारेची बारीक गुंडाळी असते, स्प्रिंगची थरथर तिथे पुन्हा विजेत बदलते. ती गुंडाळी मी नेमकी ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत ठेवली होती. स्प्रिंगची थरथर आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यातला फरक त्या गुंडाळीला काय कळणार! टँक उलटा फिरवला, आउटपुटचं टोक लांब गेलं, आवाज बंद. चार स्क्रूंचं काम होतं. बांधायला घेणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

युनिटला तीन बटणं आहेत, फेंडर या गिटार कंपनीने १९६१ मध्ये काढलेल्या स्वतंत्र रिव्हर्ब पेटीसारखीच: ड्वेल, मिक्सर, टोन. सगळी गंमत ड्वेलमध्ये आहे. स्प्रिंगला किती जोरात धक्का द्यायचा ते ड्वेल ठरवतं. ते वर नेऊन जाड तारांवर तळहात टेकवून तुटक वाजवलं की पागोळ्यांचं पाणी पत्र्यावर पडावं तसा टप् टप् आवाज निघतो. पायाने दाबायच्या तयार रिव्हर्ब पेडलवर तो जवळपास येतो, पण पत्रा कोरडाच राहतो. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

सर्फ गिटारचा बादशहा डिक डेल सांगायचा की हा रिव्हर्ब त्याला आधी गिटारसाठी नकोच होता, गळ्यासाठी हवा होता. आपल्या गाण्यातला स्वर कोरडा, सपाट पडतो असं त्याला वाटायचं. हॅमंड ऑर्गनमधल्या स्प्रिंगचा आवाज त्याला आवडला, त्यातून पेटी आली, आणि मग त्याने गिटार तिच्यात खुपसली. गाणाऱ्याची सोय वाजवणाऱ्याने पळवली! मी आत्याच्या गाण्याचं तेच करतोय, म्हणून हा किस्सा मला जवळचा वाटतो. त्याचं १९६२ चं ‘मिसिरलू’ तरी काय, पूर्व भूमध्यसागराकडचं जुनं गाणंच. डेलचे वडील लेबनीज वंशाचे, काका ऊद वाजवायचे. घरातली चाल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नेऊन त्याने तिच्यातले शब्द काढले आणि वेग वाढवला. सूर मांडून बघा: ऋषभ आणि धैवत कोमल, बाकी शुद्ध. आपला भैरव थाट. पहाटेची शांती वगैरे मात्र शोधू नका.

आता मुख्य घोळ. आत्याचं गाणं दादऱ्यात आहे, सहा मात्रांचं. सर्फचा ठेका चारचा. पहिले दोन महिने मी चाल जशीच्या तशी ठेवून खाली सहाचा ठेका वाजवत होतो, आणि ते सर्फ न वाटता जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटत होतं. मग सगळ्या मात्रा सारख्या ताणून चारात बसवल्या, तर गाणं कवायत करायला लागलं.

उत्तर ताटात वाढलेलं होतं. सर्फचा मूळ ठेका असा: एकवर किक (पायाचा मोठा ड्रम), दोनवर स्नेअर (काठीचा कडक ड्रम) आणि लगेच अर्ध्यावर पुन्हा स्नेअर, तीनवर किक, चारवर एकच स्नेअर. धूम, टक-टक, धूम, टक. आता दादरा म्हणा: धा धी ना, धा ती ना. पहिला ‘धा’ ताणून पूर्ण एक ठोका करा, ‘धी ना’ अर्ध्या-अर्ध्या ठोक्यात बसवा. धा, धी-ना. धूम, टक-टक. तंतोतंत! दुसऱ्या अर्ध्यात धा तीनवर, ती चारवर, आणि शेवटचा ‘ना’ ड्रम गिळून टाकतो. त्या गिळलेल्या जागेत गिटारचा सूर एकटा पडतो, आणि तोच कानाला टोचून पुढे ओढतो. हे सापडलं तेव्हा मी लोकलमध्ये मांडीवर ताल धरून बसलो होतो. समोरच्या काकूंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

वेग सध्या मिनिटाला १५२ ठोके आहे. तिथे सोळांश, म्हणजे एका ठोक्यात चार सूर, वाजवायचे म्हणजे सेकंदाला दहा आघात, एक खाली एक वर (यालाच डबल पिकिंग म्हणतात). माझं मनगट १३८ पर्यंत माणसासारखं वागतं, त्यानंतर कोपरातून हिसके द्यायला लागतं. रोज वीस मिनिटं मेट्रोनोमवर एकच तार, दोन-दोनने वेग वाढवत. १४६ वर आलोय. टेकमध्ये म्हणून फक्त शेवटच्या कडव्यात पूर्ण सोळांश आहेत, बाकी ठिकाणी लबाडी आहे. तारा अकरा गेजच्या आहेत (आकडा जितका मोठा, तितकी तार जाड). डेल पहिलीच तार सोळाची लावायचा. मी एकदा तेरापर्यंत गेलो आणि दोन दिवस बोटांनी पोळीचा तुकडा मोडवेना.

दुसरा प्रश्न कडव्यांचा. गाणं पाच कडव्यांचं, चाल एकच. आत्या म्हणते तेव्हा कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक कडव्यात नव्या माणसाची फजिती आहे. आधी वरमाई, मग मामा, मग करवली. शब्द काढले की पाचही जण सारखेच. शब्दांची गाणी नुसती वाजवणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच हे छळतं. गाणाऱ्याला अर्थाचा आधार असतो, वाजवणाऱ्याला तो नसतो, म्हणून प्रत्येक फेरीत काहीतरी घडवावं लागतं. मी तीनच कडवी ठेवली. पहिलं खालच्या तारांवर, साधं, जवळजवळ कोरडं. दुसरं वरच्या सप्तकात. त्यात वरमाईच्या ओळीचा शेवटचा सूर आत्या जरा खाली लोंबकळत सोडते, तोंड वाकडं केल्यासारखा. तिथे ट्रेमोलो बार, म्हणजे सूर खाली वाकवायची गिटारवरची दांडी, अर्धा इंच दाबला, बस्स. जास्त दाबला की जनावर हंबरल्यासारखं होतं.

तिसऱ्या कडव्याची कल्पना आत्याच्या ‘चुकी’तून आली. ती बाजाच्या पेटीशिवाय गाते, अंगात आलं की स्वर चढत जातो. रेकॉर्डिंग ट्यूनरवर लावून पाहिलं तर पाचवं कडवं पहिल्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने वर. मग मीही शेवटच्या कडव्याला ई पट्टी सोडून अर्धा स्वर वरच्या एफमध्ये उडी मारली. त्याने मोकळी सहावी तार हातातून गेली, पहिल्या पडद्यावर बोट दाबून धरावं लागतं आणि टप् टप् थोडा मंदावतो. बदल्यात नाचणाऱ्याचा श्वास चढल्यासारखं होतं. हा सौदा मला परवडला.

गंधार कोमल करायचा मोह मात्र टाळला. कोमल केला की दोन सेकंदांत ‘सर्फ’ वाटतं, पण आत्याला ते आपलं गाणं वाटलं नसतं. चाल शुद्ध गंधारावरच ठेवली आणि खाली ई मेजरऐवजी सी शार्प मायनर लावला. वर हळद, खाली अंधार.

टेक घेऊन मागच्या रविवारी करंजाला गेलो. आत्या कोळंबी सोलत होती. फोन छोट्या स्पीकरला जोडला. पहिल्या कडव्यावर काहीच बोलली नाही. वरमाईच्या जागेवर हसली, मला विचारावंही लागलं नाही. तिसऱ्यात मात्र हात थांबवून म्हणाली, “आरं बाला, गानं हाय का फटफटी? दम कुठं घेतोस?”

बरोबर होतं तिचं. ती प्रत्येक दुसऱ्या ओळीनंतर श्वास घेते आणि तेवढ्या फटीत मागच्या बायका ओळ उचलतात. गिटारला श्वास लागत नाही, म्हणून मी ती फट सोळांशांनी लिंपून टाकली होती. घरी येऊन तिथे तार हाताने बंद केली, पाऊण ठोका फक्त रिव्हर्बची शेपटी राहू दिली, आणि बायकांची ओळ स्वस्तातल्या कीबोर्डच्या ऑर्गनवर दिली. टेक सोपा झाला आणि मोठाही वाटायला लागला.

शब्द काढून चाल वाजवणं आपल्याकडे काही नवीन नाही. व्हॅन शिप्लींची इलेक्ट्रिक गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्सचं अकॉर्डियन, हवाईयन गिटारवरच्या फिल्मी तबकड्या, यावर एक अख्खी पिढी वाढली. पण हवाईयन गिटार गाते, तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जन्मजात येते. सर्फ गिटार ठोकते. म्हणून त्या तबकड्या ऐकून मला शिकता आलं ते चालीची निवड, वाजवणं नाही. वाजवणं शिकावं बेंजोवाल्यांकडून. हळदीतल्या बेंजो पार्टीत लांब सूर कसा टिकवतात पाहा: पिक नुसतं थरथरत असतं, डबल पिकिंगच. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये ताइशोगोतो बनवलं, तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, मग बेंजो. आणि व्हेंचर्स या अमेरिकन गिटार बँडच्या १९६५ च्या दौऱ्यानंतर जपानात इलेक्ट्रिक गिटारचं जे वेड पसरलं, त्यात ताकेशी तेराउची हा गिटारवाला तिथली लोकगीतं सर्फच्या अंगाने वाजवायला लागला. म्हणजे माझा उद्योग जपानी माणसांना ओळखीचा वाटेल, शेजाऱ्यांना नाही.

असंच गिटारवर बसवायला घेतलेल्या बाकी गाण्यांची स्थिती: आरती सोडली. चारेक सुरांची चाल, सगळा जीव शब्दांत आणि टाळ्यांत. शब्द काढल्यावर उरला तो मेट्रोनोम.

भैरवी सुरू आहे आणि हातात बसतेय. कारण मजेशीर आहे: ई हा सा धरला तर गिटारच्या सहाही मोकळ्या तारा भैरवीच्या सुरांतच येतात. सा, म, कोमल नी, कोमल ग, प, पुन्हा सा. डावा हात चुकून उचलला गेला तरी बेसूर होत नाही. माझ्यासारख्याला यापेक्षा काय हवं! अडचण एवढीच की माझी भैरवी विलंबित आहे, आणि वेग वाढवला की मैफल संपवण्याऐवजी सुरू केल्यासारखी वाटते.

आत्याच्या गाण्याचं मिक्सिंग उरलंय. बास अजून फुगलेला आहे, आणि दुसऱ्या कडव्याखाली वरच्या मजल्यावरच्या कुकरची एक शिट्टी आली आहे. ती नेमकी पंचमावर लागली असल्यामुळे ठेवावी की काढावी ते ठरत नाहीये.

त्यानंतर पोवाडा. शाहीर एकाच स्वरावर शब्दांची सरबत्ती करतो ती जागा डबल पिकिंगसाठी, मागे साथ देणाऱ्या झीलकऱ्यांची ‘जी जी’ ऑर्गनला. मनगट १५२ ला पोचेपर्यंत हात लावणार नाही असं ठरवलंय, पण डझनभर जाड पिकं आणून ठेवली आहेत.