राजदूत ३५० ला ५२० ची चेन बसवताना

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली राजदूत ३५० मोटरसायकल, म्हणजे आपली आरडी, कारखान्यातून ५३० च्या चेनवर आली. इंजिन ३४७ सीसीचं. हाय टॉर्क मॉडेलची ताकद साडेतीस बीएचपी, लो टॉर्क मॉडेलची सत्तावीस. आजच्या हिशेबाने एवढ्या ताकदीला ५३० फार झाली. चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक चाळीसच्या वर बीएचपी काढते आणि तिला ५२० चीच चेन असते. म्हणून आरडीवाले ५२० कडे वळतात, आणि बरोबरच करतात. फक्त या कामात चुकतं कुठे, ते आधी नीट कळलं पाहिजे.

आकड्यांचा अर्थ आधी. पहिला आकडा पिच सांगतो, एक अष्टमांश इंचाच्या मापात. पाच म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी. ही दोन पिनांमधली लांबी, आणि ती ५२०, ५२५, ५३० तिन्हींत एकच. रोलरचा व्यासही एकच, १०.१६ मिमी. फरक आहे तो फक्त आतल्या रुंदीत. ५३० ची ९.५३ मिमी, ५२५ ची ७.९४ आणि ५२० ची ६.३५. स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दातांचा आकार त्यामुळे तोच राहतो, फक्त जाडी कमी होते. पुढचे-मागचे दात जेवढे होते तेवढेच ठेवले तर गाडीचा वेग, पिकअप, काही बदलत नाही.

सगळ्यात जास्त भीती असते ती चेन तुटण्याची. ही भीती चुकीच्या जागी आहे. चेन ओढली जाते ती बाजूच्या पट्ट्यांवर आणि पिनेवर. एकाच दर्जाच्या ५२० आणि ५३० मध्ये पट्टी आणि पिनेची जाडी जवळपास सारखीच असते, त्यामुळे तुटण्याची ताकदही फारशी वेगळी नसते. कमी होते ती पिन आणि बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, एकमेकांवर घासतात ती जागा. साध्या चेनमध्ये पट्टी साधारण दोन मिमीची धरली, तर बुशची लांबी ५३० मध्ये साडेतेरा मिमीच्या आसपास येते आणि ५२० मध्ये साडेदहाच्या खाली. म्हणजे तोच भार एक चतुर्थांश कमी जागेवर पडतो. ताकद टिकते, आयुष्य कमी होतं. म्हणूनच ५२० बसवायची तर सील असलेली, म्हणजे पिनांवर ओ-रिंग किंवा एक्स-रिंग नावाच्या रबरी रिंगा असलेली बसवा. पिनेतलं ग्रीस आतच राहिलं की गेलेलं आयुष्य बरंचसं भरून निघतं. साधी ५२० टाकून पावसाळाभर गाडी चालवली तर ती ५३० च्या आधी लांबणारच.

वजन किती वाचतं? शंभर कड्यांमागे साधारण पाव ते अर्धा किलो, शिवाय दोन्ही स्प्रॉकेटचं थोडं. आकडा लहान वाटतो, पण चेनचं वजन इंजिनला दर वेळी फिरवावं लागतं आणि मागच्या स्प्रॉकेटचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यात चाक लवकर सावरतं ते त्यामुळे.

आता स्प्रॉकेट. नवी तयार ५२० ची जोडी मिळाली तर उत्तम. केटीएम ३९० चं पुढचं स्प्रॉकेट आरडीच्या गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर जाणार नाही, खाचा जुळत नाहीत. चेन मात्र चालते, जास्तीच्या कड्या कापायच्या. जोडी मिळत नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून ५३० ची स्प्रॉकेटच बारीक करून घेता येतात, कारण दातांचा आकार तोच आहे. ५३० चा दात साधारण ८.७ मिमी जाड असतो, ५२० चा ५.९. काढायचे २.८ मिमी. दात कडक केलेले असल्यामुळे साधं टूल घासत बसतं. कार्बाइडची टिप, हलका कट, वर सतत पाणी. दातावर निळसर झाक दिसली तर त्या दाताचा कडकपणा गेला, ते स्प्रॉकेट बाजूला ठेवा.

पुढच्या स्प्रॉकेटचे फक्त दात पातळ करायचे. मधला बॉस, म्हणजे शाफ्टवर बसणारा भाग, होता तेवढाच जाड राहू द्या. तो पातळ झाला तर नट शाफ्टच्या आट्यांच्या शेवटाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण स्प्रॉकेट खाचांवर पुढेमागे हलत राहतं आणि काही महिन्यांत शाफ्टच्या खाचा खातं. स्प्रॉकेट पाचशे-हजारात येईल, पण शाफ्टसाठी आरडीचं अख्खं इंजिन उघडावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, २.८ मिमी कुठल्या बाजूने काढायचे? मागचं स्प्रॉकेट हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडाला टेकून बसतं. ते बाहेरून पातळ केलं तर दातांचा मध्य चाकाकडे १.४ मिमी सरकतो. पुढचं दोन्ही बाजूंनी १.४-१.४ काढून बारीक केलं तर त्याचा मध्य जागेवरच राहतो. झाली चेन १.४ मिमी वाकडी. साडेनऊ मिमीच्या खिडकीत, म्हणजे चेनच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत, हा वाकडेपणा कदाचित खपून गेला असता. सव्वासहाच्या खिडकीत नाही खपत. पट्टीची आतली बाजू दाताला घासते, उन्हात धरली तर एकाच बाजूला चांदीसारखी चकाकते, आणि गाडी ढकलताना बारीक खरखर ऐकू येते.

मार्ग दोन आहेत. एक, दोन्ही स्प्रॉकेट बाहेरच्या बाजूनेच कापायची. दोन्ही मध्य सारखेच आत सरकतात. दुसरा, पुढचं दोन्ही बाजूंनी सारखं कापायचं आणि मागच्या स्प्रॉकेट आणि हबच्या मध्ये १.४ मिमीची अख्खी गोल चकती घालायची. सुटे वॉशर इथे नकोत, एखादा पातळ-जाड निघाला की स्प्रॉकेट डुलतं. सील असलेल्या चेनसाठी दुसरा मार्ग घ्यावा. सीलमुळे ती बाहेरून साध्या ५२० पेक्षा रुंद असते, जवळपास जुन्या साध्या ५३० एवढी. मध्य आत सरकवला तर तिच्या पिनांची टोकं इंजिनच्या केसला लागू शकतात. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे चेन आणि केस यांच्यात निदान दोन-तीन मिमी मोकळी जागा राहते का, ते चेन हाताने फिरवून सगळीकडे बघा.

कापलेल्या बाजूला दाताच्या टोकाचा उतारही पुन्हा काढून घ्यायला सांगा. मूळ दात टोकाला दोन्हीकडून निमुळता असतो, म्हणून चेन त्यावर अलगद बसते. कापल्यावर ती कड काटकोनी होते आणि प्रत्येक पट्टीला ओरबाडते. लेथवाले हे हमखास विसरतात.

मागच्या स्प्रॉकेटचे बोल्टही तपासा. प्लेट पातळ झाली की बोल्टचा बिनआट्याचा भाग लांब पडतो, नट आधीच टेकतो आणि प्लेट ढिली राहते. आधी सांगितलेली १.४ मिमीची चकती घातली तर अर्धी भरपाई होते, उरलेलं अंतर नटाखाली सपाट वॉशर देऊन भरा. लॉकची पत्री, म्हणजे नट फिरू नये म्हणून त्यावर वाकवायची पत्र्याची पट्टी, नवीच वापरा, एकदा वाकवलेली परत वाकवली की तडकते. आणि चाक उघडलंच आहे तर हबमधले रबर बदला. ते चिरडलेले असले तर प्रत्येक झटका थेट चेनवर येतो.

कड्या किती लागतील ते दुकानात जाण्याआधी काढा. पुढचा शाफ्ट आणि मागचा ॲक्सल यांच्या मध्यांमधलं अंतर दुपटीने घेऊन १५.८७५ ने भागा, त्यात दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांच्या बेरजेचा अर्धा भाग मिळवा, आणि दातांतल्या फरकासाठी सुमारे अर्धी कडी धरा. समजा अंतर ५६० मिमी, दात १५ आणि ४०. मग ७०.५५ अधिक २७.५ अधिक ०.४५, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव. कड्या नेहमी सम संख्येत, म्हणून शंभर. चाक त्याने साधारण बारा मिमी मागे जाईल. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा आहे का बघा. आधी मोजा, मग कापा.

जुनी चेन काढण्याआधीच पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल करा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबलेला, पत्री छिन्नीने सरळ केलेली. चेन निघाल्यावर शाफ्ट धरायला काहीच उरत नाही, आणि स्प्रॉकेटमध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकवणं म्हणजे केस फोडायचा सोपा मार्ग.

चेन जोडताना लॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे. सील असलेल्या चेनच्या लॉकची पट्टी हाताने बसत नाही, दाबायचं टूल लागतं. बाकीच्या कड्यांची बाहेरची रुंदी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजा आणि लॉक तेवढंच दाबा. जास्त दाबलं तर सील चेपतं आणि ती एक कडी ताठ राहते. रिव्हेटचं लॉक मिळालं तर तेच घ्या.

ढील चेन सगळ्यात ताठ असेल त्या जागी मोजा, खालच्या बाजूला मध्यावर २० ते ३० मिमी. मग एकदा कुणाला तरी सीटवर बसवून परत बघा. पुढचा शाफ्ट, स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या वरखाली हलणाऱ्या दांड्याचा, बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, आणि तिथेही थोडी ढील उरली पाहिजे. जास्त ओढलेली चेन गिअरबॉक्सची बेअरिंग खाते.

शंभर किलोमीटरनंतर दातांच्या दोन्ही बाजू बोटाने चाचपा आणि नट-बोल्ट पुन्हा तपासा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश, वर ९० नंबरचं गिअर ऑइल. पेट्रोल आणि तारेचा ब्रश सीलला चालत नाहीत. वीस कड्यांची लांबी नवी असताना ३१७.५ मिमी भरते. चेन ताणून धरून ती ३२३ भरली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

सत्तरच्या दशकातल्या मोठ्या कावासाकींच्या ६३० चेनचा हिशेब वेगळा आहे. तिथे पिच १९.०५ मिमी, म्हणून ५३० वर येताना दात १.२ ने गुणावे लागतात. १५ आणि ३५ चे होतात १८ आणि ४२, गुणोत्तर तेच, स्प्रॉकेटचा व्यासही जवळपास तोच. १५ आणि ३३ असतील तर मागे ३९.६ येतात, ४० घ्यायचे. तिथे लेथचा उपयोग नाही, दोन्ही स्प्रॉकेट नवीच लागतात.