"मले काई नाई जी, पोट्ट्याले पाहा"

ऑगस्ट २०२२. पोळ्याचा आदला दिवस, त्यामुळं ओपीडीत गर्दी नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अकराच्या सुमारास एका मोटरसायकलवर तिघं आले. शेजारी, तिशीतला मुलगा आणि त्याचा बाप.

मुलगा बाकावर बसताच आडवा झाला. ताप १०३. डोळे लाल, अंग इतकं दुखत होतं की बीपीचा पट्टा बांधू देईना. कधीपासून, म्हणून विचारलं तर त्यानं वेळच सांगितली. काल दुपारी पराटीत, म्हणजे कपाशीत, फवारताना दुसरा पंप संपला अन् एकदम हुडहुडी भरली. फवारणी म्हटलं की आमच्याकडे पहिला संशय विषबाधेचा. २०१७ साली या जिल्ह्यानं त्यात माणसं गमावलीत. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, घाम-लाळ पाहिली, तसं काही नव्हतं. मलेरियासाठी रक्ताची काच घेतली.

उरला फ्लू. त्या पावसाळ्यात राज्यात स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढलेच होते. फ्लूचा माणूस पुष्कळदा आजाराचा तास सांगतो, करोनाचा म्हणतो, "दोन-तीन दिवसांपासून बरं नव्हतं." पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. ताप, खोकला, घसा, अंगदुखी, सगळं दोन्हींत सारखंच. करोनाची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली. ती निगेटिव्ह म्हणजे करोना नाहीच, असंही नसतं, म्हणून स्वॅब जिल्ह्याला पाठवायला ठेवला. फ्लूची गोळी, ओसेल्टामिविर, मात्र लगेच सुरू केली. पहिल्या ४८ तासांत ती जास्त लागू पडते, आणि याचे २४ही झाले नव्हते.

बाप दारातच उभा. साठीचे, आमच्याकडेच मधुमेहाच्या गोळ्या नेणारे.

"तुमचं कसं, काका?"

"मले काई नाई जी, पोट्ट्याले पाहा."

मी ऐकलं आणि केसपेपर आणायला त्यांनाच पाठवलं. खिडकी वीस पावलांवर. परत आले ते चौकट धरून उभे राहिले. "सुट्टे..." म्हणाले, थांबले, श्वास घेतला, "...मागून रायली सिस्टर."

त्या एका श्वासानं मी उठले. मोजले, मिनिटाला ३०. बोटाला खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, चुना लागला होता, तो पुसून ऑक्सिमीटर लावला. ८६. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझं बोट घातलं, ९८. पुन्हा त्यांचं, दुसऱ्या हाताचं. ८७. आणि माणूस तर शांतपणे बैलांच्या झुलीचं सांगत होता.

मग विचारलं. आठ दिवसांमागं कणकण आली होती, दोन दिवसांत उतरली. खोकला किरकोळ. "अन् खर्रा?"

"त्याले चवच नाई जी. मातीवानी लागते."

ओमिक्रॉन आल्यापासून वास-चव गेल्याची तक्रार बरीच कमी झाली होती, आणि मी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं. करोनात दुसरा आठवडा घातक. ताप गेलेला असतो, माणूस कामाला लागलेला असतो आणि आत फुप्फुसं खराब होत असतात. त्यांची अँटिजेन पंधरा मिनिटांत पॉझिटिव्ह आली. एकाच घरातले दोघं, म्हणून एकच आजार, असं मी धरून चालले होते.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला, पालथं झोपवलं. ९२ वर आल्यावर जरा हायसं वाटलं. १०८ला फोन केला. गाडी आली तरी काका चढेनात.

"उद्या पोया हाय. आज सांजच्याले बैलायचे खांद शेका लागते."

"मी शेकतो काका, तुम्ही जा," शेजारी म्हणाला. तेव्हा कुठं चढले.

मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अहवाल नंतर आला: करोना निगेटिव्ह, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, पॉझिटिव्ह. काका अकरा दिवस जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनवर होते.

महिन्याभरानं ते साखर तपासायला आले, मुलगा सोबत. खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं. ९७. आकडा वाकून पाहिला, ऑक्सिमीटर काढून माझ्या हातात दिला.

"आता पोट्ट्याचंबी पाहून घ्या."