बेड नंबर सात

पंचगंगा स्मशानभूमीत नोंदीच्या टेबलाला असतो मी. मयताचं नाव, वय, डॉक्टरचा दाखला, बेड म्हणजे दहनाच्या ओट्याचा नंबर, सही. इथं दहनाचे पैसे पडत नाहीत. शेणीही बऱ्याचशा लोकांनीच दिलेल्या, होळीच्या सुमाराला मंडळं गाड्या भरून आणून टाकतात.

गेल्या पावसाळ्यात एका रक्षाविसर्जनाला थोरला मुलगा विमानतळावरून थेट आला, सोबत जर्मन बायको. अग्नी धाकट्यानं दिलेला, वडील गेले त्याच संध्याकाळी. थोरला काही बोलत नव्हता, पण धुमसत होता. तिकडं आठ-आठ दिवस शव थांबवतात म्हणे, इथं चार तासही कुणी थांबलं नाही. थांबवून करायचं काय, असं मला वाटलं; बोललो नाही.

आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची गोष्ट तेवढी डोक्यात आली. १८७० साली इंग्लंडहून परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, वय वीस. ख्रिस्ती मुलुखात दहन म्हणजे आक्रीतच, तरी खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. तिथं त्यांचं स्मारक आहे. घरचा माणूस मात्र अग्नीला कुणी पोचला नसणार.

धाकट्यानं रक्षेचे दोन वाटे केले, एक नदीला, एक शेतातल्या आंब्याच्या बुडाला. ते बघून सूनबाई नवऱ्याशी काहीतरी बोलल्या. त्यानं कसंनुसं होत मला विचारलं, "ती म्हणतेय, ही रक्षा बाबांचीच कशावरून?" त्यांच्याकडं भट्टीत न जळणारी एक नंबराची चकती घालतात. ती राखेसोबत कलशात जाते, आणि कलशही बहुतेक ठिकाणी घरी नेता येत नाही, सहसा दफनभूमीतच पुरायचा.

धाकटा भडकलाच. मी वही फिरवून बेड नंबर दाखवला. त्यानं तिचं समाधान होईना.

आमचा कामगार तोवर राखेत काठी फिरवत होता. त्यानं काळा पडलेला एक गोळा उचलला, दांड्यासकट. "खुबा बदलला हुता न्हवं आजोबांचा?"

थोरला मटकन खालीच बसला. ऑपरेशनचे पैसे त्यानंच पाठवले होते, येणं तेव्हाही झालं नव्हतं.

सूनबाईंनी तो दांडा पाण्यानं धुतला, ओढणीनं पुसला. त्यावर बारीक आकडे कोरलेले होते. त्या एकेक मोठ्यानं वाचायला लागल्या, आणि सवयीनं माझा हात पेनाकडं गेला. वहीत त्याला रकाना नव्हता. मी सातच्या पुढं, समासात लिहून घेतला.