तुम्ही विचारलंत म्हणून: फुलझाडांची छाटणी कधी करायची?

एप्रिल संपत आला की मला हा प्रश्न हमखास येतो. "पावसाळ्याआधी सगळी झाडं एकदाच छाटून घेतली तर चालेल ना?" कोथरूडच्या बंगल्यातून येतो, सहकारनगरमधून येतो, सोसायटीच्या कमिटीकडूनही येतो. माळी कोयता घेऊन दारात उभा असतो, एका दिवसाची मजुरी ठरलेली असते आणि अंगणातलं प्रत्येक झाड त्याच दिवशी बोडकं व्हायचं असतं.

नाही, चालणार नाही. वाळलेली, मोडलेली किंवा छपरावर धोकादायक झुकलेली फांदी कधीही काढा, तिला मुहूर्त लागत नाही. पण हिरव्या फांदीला हात लावण्याआधी एवढं बघा की त्या झाडाचं फूल गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर येतं की यंदाच्या नव्या फुटव्यावर. जुन्या काडीवर येत असेल तर बहर ओसरला की लगेच छाटायचं. नव्या फुटव्यावर येत असेल तर झाड विश्रांतीत असताना, पालवी फुटण्याच्या जरा आधी.

कांचनाचंच घ्या. आपल्याकडे दोन कांचन बागांमध्ये सर्रास दिसतात आणि दोघांची वेळ उलटी आहे. एक दसरा-दिवाळीत फुलतो. आपटा समजून ज्याच्या फांद्या दसऱ्याला ओरबाडल्या जातात, तो बहुतेक वेळा हाच. त्याची फुलं नव्या वाढीच्या टोकाला येतात, म्हणून त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटलं तरी पावसाळाभर वाढून तो पुन्हा वेळेवर फुलतो. दुसरा होळीच्या सुमारास, जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. त्याला जानेवारीत छाटलात तर यंदाची फुलं तुम्ही स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलीत. त्याची छाटणी फुलं झडल्यावर. "आमचा कांचन फुलतच नाही" म्हणणाऱ्यांच्या अंगणात मी आधी हेच विचारते, की तो कोणता आहे आणि शेवटचा कधी छाटला होता?

तामण नव्या फुटव्याच्या टोकाला फुलतो. आपलं राज्यफूल, आणि त्याच्यावरच मे महिन्यात कोयता चालतो, म्हणजे ऐन फुलांत. थंडीच्या शेवटी त्याची पानं लालसर होऊन गळतात. जानेवारी-फेब्रुवारीचे ते दिवस त्याच्या छाटणीचे. तेव्हा फांद्यांचा सांगाडा स्पष्ट दिसतो, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि बुंध्यातून सरळ वर धावणारे पाणसोट ओळखता येतात. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन बघून आलात की हे काम हातात घ्या. मात्र दर वर्षी एकाच जागी शेंडे उडवू नका. तिथे गाठी होतात आणि त्यातून निघणारा काड्यांचा झुबका कमकुवत असतो.

पारिजातकही नव्या वाढीवर फुलतो. फेब्रुवारीत त्याला निम्म्यापर्यंत कापलं तरी तो श्रावण-भाद्रपदात सडा घालतो. चाफ्याची फुलं फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे टोक उडवलं की त्या फांदीवरचा पहिला बहर कमी होणं ओघानं आलं. पण तिथून दोन-तीन फुटवे निघतात आणि पुढे फुलं वाढतात. त्याला पानं नसताना, कोरड्या हवेतच कापा. ओल्या दिवसांत चाफ्याची जखम सडते. सोनचाफ्याला जड छाटणी मानवत नाही, शेंडे खुडण्यापुरतंच ठेवा. बहावा शक्यतो छाटूच नये असं माझं मत आहे. घंटांसारखे ते पिवळे घोस लोंबायचे तर फांदीला मोकळं लोंबू द्यायला हवं.

आणि तो मे महिना मला का नको, तेही सांगते. पुण्याचं ऊन तेव्हा चाळिशीला टेकलेलं असतं. सावलीत वाढलेली साल अचानक उघडी पडली की करपते, तडकते. पाठोपाठ पाऊस येतो आणि ताज्या जखमेवर बुरशी बसते. शिवाय त्याच काळात बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी घरटी करतात. फांदीला करवत लावण्याआधी दोन मिनिटं खाली उभं राहून बघा. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

कापताना कोयता नको, करवत घ्या. जाड फांदी आधी खालून थोडी चिरा, मग जरा पुढे सरकून वरून कापा, आणि शेवटी उरलेला खुंट काढा, म्हणजे साल सोलून खाली ओघळत नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर कडा असते, ती राखायची. जखम तिथूनच भरून येते. डांबर किंवा ऑइल पेंट फासू नका. कडेला धक्का न लागलेला स्वच्छ काप झाडाला पुरतो.

मोठ्या झाडाच्या फांद्या काढायच्या असतील तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर परवानगीचा अर्ज करा. 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. परवानगीला वेळ जातो, म्हणून फेब्रुवारीत छाटायचं असेल तर दिवाळीनंतरच अर्ज टाकून ठेवा.

झाड कोणत्या गटातलं ते कळत नसेल, तर यंदा नुसतं बघा. पहिली कळी कुठल्या काडीवर, कोणत्या आठवड्यात आली ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, आणि माळ्याला पुढच्या वर्षी बोलवा.